जनरल रिलेटिव्हिटीसाठी आधी किती गणित करायचं?

प्रश्न: नमस्कार, मी फिजिक्सच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढच्या सेमिस्टरला जनरल रिलेटिव्हिटी (आइनस्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत) घ्यायचीय. सीनियर म्हणतात आधी डिफरन्शियल जॉमेट्री (वक्र पृष्ठभागांचं आणि अवकाशांचं गणित) पूर्ण कर, नाहीतर काही कळणार नाही. मी मॅनिफोल्डच्या (जवळून सपाट दिसणाऱ्या वक्र अवकाशाच्या) व्याख्येतच अडकलोय. हे सगळं आधी लागतंच का?

उत्तर: नाही लागत. खुद्द आइनस्टाइनचा क्रम बघा ना, गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांचं नातं त्यांना १९०७ ला सुचलं, रीमानच्या वक्र अवकाशाच्या भूमितीकडे ते वळले १९१२ ला, तेही मार्सेल ग्रोसमान या मित्राच्या मदतीने, आणि फील्ड समीकरणं (वस्तुमान-ऊर्जेमुळे अवकाश-काळ कसा वक्र होतो ते सांगणारी) पुरी झाली नोव्हेंबर १९१५ मध्ये. आधी फिजिक्सचा प्रश्न, मग त्याला लागेल तेवढं गणित.

स्पेशल रिलेटिव्हिटी फोर-व्हेक्टरसकट (काळ आणि अवकाश मिळून चार घटकांचे व्हेक्टर) पक्की हवी, इंडेक्स वरखाली करायची सवय हवी, आणि लॅग्रांजियन (ऊर्जेच्या एका सूत्रावरून गतीची समीकरणं काढायची पद्धत) तर हवंच हवं, कारण सुरुवातीचं निम्मं काम त्यानेच होतं.

आता एक करा, कागद घ्या आणि त्रिज्या १ असलेल्या गोलाचं मेट्रिक (जवळच्या दोन बिंदूंमधल्या अंतराचं सूत्र) लिहा; थीटा म्हणजे ध्रुवापासूनचा कोन, फाय म्हणजे रेखांशाचा कोन, त्यात दोनच पदं आहेत, डी-थीटाचा वर्ग आणि साइन-वर्ग थीटा गुणिले डी-फायचा वर्ग. यातून लॅग्रांजियन लावून जिओडेसिक (त्या पृष्ठभागावरची सरळात सरळ वाट) काढा. थीटाचं त्वरण म्हणजे साइन थीटा कॉस थीटा गुणिले फायच्या वेगाचा वर्ग, असं येईल. विषुववृत्तावर कॉस शून्य, म्हणून तिथून सरळ निघालेला माणूस विषुववृत्तावरच राहतो, पण मधल्या कुठल्याही अक्षवृत्तावर टिकून राहायचं तर सतत वळत राहावं लागतं. याच समीकरणात क्रिस्टोफेल सिंबल (वेगांच्या गुणाकारांचे सहगुणक) दिसतात, वेगळं पाठांतर नको.

मग हेच सपाट कागदावर पोलर कोऑर्डिनेट घेऊन करा. क्रिस्टोफेल तिथेही शून्य येत नाहीत, आणि कागद तर सपाटच आहे! इथे भले भले गोंधळतात. क्रिस्टोफेल कोऑर्डिनेटवर अवलंबून असतात, खरी वक्रता रीमान टेन्सर सांगतो, कागदाचा तो शून्य येतो, गोलाचा येत नाही. दोन्ही हाताने काढाच, सॉफ्टवेअर नंतर.

एवढं जमलं की श्वार्झशिल्डचं १९१६ चं मेट्रिक (सूर्यासारख्या एकट्या गोल वस्तूभोवतीचं) घ्या, पद्धत तीच. ग्रहाच्या कक्षेच्या समीकरणात न्यूटनपेक्षा एक पद जास्त येतं आणि त्यातून बुधाची कक्षा शतकाला ४३ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जास्त सरकते हे तुमचं तुम्हालाच काढता येतं, फील्ड समीकरणं अजून सोडवलेलीही नसताना. माझ्या मते कोर्सची खरी सुरुवात इथून व्हावी.

फील्ड समीकरणं त्यानंतर. आणि पुढे पेनरोजच्या १९६५ च्या सिंग्युलॅरिटी प्रमेयाकडे (सिंग्युलॅरिटी म्हणजे जिथे सिद्धांतच मोडतो अशी जागा) जायचं असेल तर मात्र मॅनिफोल्ड, टोपॉलॉजी सगळं नीट बसून शिकावं लागतं, तिथे सीनियरचं म्हणणं बरोबर आहे.