गॅरेजमधून : मामांची एमआर-टू आणि बर्दापूरचा चढता काटा

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवरची पत्रं पुढच्या अंकात घेते, रागावू नका. या वेळी जुन्या जपानी गाड्यांची पत्रं एकदमच आली, आणि पहिल्या पत्राला जागाही जास्त लागणार आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझे मामा इंग्लंडात डॉक्टर होते. 1994 मध्ये कायमचे परतले तेव्हा 1991 ची टोयोटा एमआर-टू सोबत आणली. उजवं स्टेअरिंग, छताला काढता येणाऱ्या दोन काचा, दोन लिटरचं बिनटर्बोचं इंजिन. बरीच वर्षं शेडमध्ये झाकून होती, आता मामांनी मला दिली. चालू झाली, सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते, धूर नाही, तेल पीत नाही, पण अंबाजोगाईहून लातूरला निघालो की बर्दापूरच्या पुढे तापमानाचा काटा लालकडे जातो. रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट काढून टाकला, पंखा डायरेक्ट केला. तरी तेच. मेकॅनिक म्हणतात इंजिन संपलंय. मला टर्बोचं इंजिन मिळतंय. ते टाकावं का? आणि गाडी दोन इंच खाली घ्यायची आहे. फोटो जोडले आहेत.
— वाचक, अंबाजोगाई

उत्तर : इंजिन संपलंय असं तुमच्या पत्रात मला तरी कुठं दिसलं नाही. धूर नाही, तेल पीत नाही, सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते असं तुम्हीच लिहिलंय. मग संपलं ते काय?

या गाडीचं इंजिन सीटच्या मागे आडवं आणि रेडिएटर पार पुढे नाकात. मधे गाडीच्या पोटाखालून पाण्याचे दोन लांब पाइप. आपल्याकडच्या गाडीत पाच-सहा लिटर पाणी मावतं, हिच्यात 13-14 लिटर. एवढ्या लांब रस्त्यात कुठंतरी हवा अडकली की पाणी फिरत नाही. मेकॅनिकनं पुढे बॉनेटखाली इंजिन असलेल्या गाडीसारखं टोपण उघडून पाणी ओतलं, वरपर्यंत आलं, बंद केलं, झालं. वरपर्यंत आलेलं दिसतं, पण आत पुढच्या बाजूला हवा तशीच.

खूण सांगते. काटा वर चढायला लागला की हीटर पूर्ण गरमवर लावा. गार वारा आला तर हवा अडकलीय किंवा पाणी कमी आहे. मे महिन्यात हीटर लावायला सांगतेय म्हणून हसू नका, लावून बघा.

हवा काढायची पद्धत अशी. इंजिन पूर्ण थंड हवं. पुढची डिकी उघडा. रेडिएटरला एक आणि हीटरच्या जोडाला एक, असे हवा काढायचे दोन बूच आहेत. दोन्हींना पारदर्शक नळी लावून नळीचं टोक वर उघडलेल्या झाकणाला बांधा. हीटरची कळ पूर्ण गरमवर. आता मागच्या, इंजिनाजवळच्या तोंडातून कूलंट सावकाश ओता. गवंडी भिंतीची पातळी बघायला पाण्याची नळी धरतात ना, अगदी तेच काम आहे हे : मागच्या तोंडातली पातळी आणि पुढच्या दोन्ही नळ्यांतली पातळी सारखी झाली आणि नळीत बुडबुडा राहिला नाही की बूच आवळा. घाई केली की परत हवा. घरात दुसरं माणूस असेल तर एकानं ओतायचं, एकानं नळ्या बघायच्या.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप, परत बसवा. तो काढला की गाडी थंड राहते हा आपल्याकडचा फार जुना समज. या जातीच्या टोयोटात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच नसेल तर थोडं पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातल्या इंजिनात फिरत राहतं. म्हणजे गार व्हायला काढला आणि तापायला मदत केली. पंखाही परत सेन्सरवर घ्या.

तुमच्या चौथ्या फोटोकडे मी बराच वेळ बघत होते, टोपण उलटं धरलेल्या. आतल्या रबरावर विटकरी चिखल आणि कडेनं खडूसारखी पांढरी कड. चिखल म्हणजे गंज, कड म्हणजे बोअरचं पाणी. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड, किटलीत थर धरतं तसंच इंजिनाच्या आतही धरतं. टोपण नवं घ्या. त्याची स्प्रिंग आणि रबर दाब धरून ठेवतात, त्या दाबामुळेच पाणी शंभर अंशाच्या वर जाऊनही उकळत नाही. दाब गेला की 43 अंशाच्या उन्हात उकळायला किती वेळ. आतून दोनतीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. नळाचं नको, बोअरचं तर नकोच. पोटाखालच्या पाइपांना आणि सगळ्या होजना हात लावून बघा. गार असताना दाबल्यावर करकरणारा किंवा क्लिपजवळ फुगलेला होज सरळ फेका. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं आहे. एकदा नीट तापलं की हेड वाकतं, आणि मग खरंच मेकॅनिक म्हणतात ते खरं होईल.

बरीच वर्षं उभी होती म्हणता, तर टायमिंग बेल्ट किलोमीटर न बघता बदला. रबराचं वय वर्षांत मोजायचं. मागचे ब्रेक कॅलिपर हँडब्रेकच्या लिव्हरसकट जाम असतील, चाक हातानं फिरवून बघा. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं, ते पूर्ण काढून नवं भरा. आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. 2314 असेल तर 2014 चा तेविसावा आठवडा. अशा टायरवर नक्षी कितीही दिसो, हायवेला जाऊ नका.

पेट्रोलची एक गोष्ट. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं. त्यातलं काही आपल्याच उसाचं असेल, पण 1991 मधल्या रबराला ते ठाऊक नव्हतं. जुने पेट्रोल होज आतून मऊ पडतात, पापुद्रे सुटून फिल्टरमध्ये जातात. इंजेक्शनच्या दाबाला चालणारे, इथेनॉलला टिकणारे होज मागून घ्या, क्लिपही गोल कडेच्या. या गाडीची टाकी मधल्या बोगद्यात, दोन सीटच्या मधे आहे. तिथं गळती म्हणजे काय, ते मी लिहायची गरज नाही. इथेनॉल पाणीही ओढतं, म्हणून पावसाळाभर अर्धी टाकी ठेवून गाडी उभी करू नका.

आता टर्बो. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा जो अर्थ लावला, त्यानुसार उत्पादकानं दिलेल्या मूळ रचनेपासून आरसीवरच्या नोंदी बदलतील असा फेरफार करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची रीतसर परवानगी आणि आरसीवर नवी नोंद हवी, आणि तुमच्या आरसीवर आधीच आयात गाडीचा शिक्का आहे. अपघात झालाच तर विमा कंपनी पहिलं बोट त्यावर ठेवील. कायदा बाजूला ठेवला तरी मला ते पटत नाही. बिनटर्बोचं इंजिन ज्या पाण्यानं गार होत नाही, त्याच पाण्यावर जास्त उष्णता सोडायची?

आणि या गाडीचा स्वभाव वेगळा आहे. वजन मागे जास्त. वळणात असताना भिऊन पाय एकदम उचलला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी मागून फेकते. तुमची 1991 ची, म्हणजे सुरुवातीच्या मांडणीची. तक्रारी आल्यावर टोयोटानं पुढच्या फेरीत सस्पेन्शन बदललं आणि 15 इंची चाकं दिली. तुमच्या 14 इंची गाडीत पुढचे टायर अरुंद, मागचे रुंद आहेत, ते मुद्दाम. टायरवाला म्हणेल चारही सारखे घ्या, स्वस्त पडतील. ऐकू नका. बोल्टचं वर्तुळ 5×114.3 (पाच बोल्ट, 114.3 मिमी व्यास) म्हणजे इनोव्हाचंच, म्हणून कुणी इनोव्हाची अलॉय गळ्यात मारेल, तीही नको. हंगामात ट्रॅक्टर शेतातून डांबरावर काळी माती आणून टाकतात, त्यावर पहिला पाऊस पडला की रस्ता साबणासारखा होतो. धारूरच्या घाटात हे डोक्यात ठेवा : वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात पाय स्थिर.

दोन इंच खाली? अंबाजोगाईतल्या गल्लीतून एकदा चक्कर मारा आणि स्पीडब्रेकर मोजा. काळ्या मातीवरचा रस्ता पाण्यानं फुगतो, उन्हानं आकसतो, म्हणून आपले रस्ते लाटांसारखे. पोटाखाली पाण्याचे पाइप आहेत, आठवतंय ना? ते पैसे नव्या शॉकअॅब्सॉर्बरना लावा, मूळ उंचीच्या.

छताच्या काचांचं विचारलं नाहीत, पण जूनमध्ये विचाराल. रबराला सिलिकॉन ग्रीस लावा आणि कडेच्या पन्हाळीची भोकं बारीक नळीनं फुंकून मोकळी करा. फोटोत एका भोकात कडुनिंबाच्या काड्या दिसतायत.

प्रश्न : माझं वाळूजला छोटं लेथ वर्कशॉप आहे. जुन्या जपानी गाड्यांचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यात बसणाऱ्या बांगड्या), ब्रॅकेट करून द्या म्हणून तरुण येतात. काय करून द्यावं, काय नाही?
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमच्यासारख्यांमुळेच मराठवाड्यात जुनी गाडी ठेवणं पुण्यापेक्षा अवघड नाही, असं मी सगळ्यांना सांगते. ज्या पट्ट्यात 1985 पासून स्कूटर-मोटारसायकलचे सुटे भाग घडतायत, तिथं मायक्रॉनच्या गप्पा चहाच्या टपरीवर चालतात.

करून द्या : ब्रॅकेट, स्पेसर, बुशच्या बाहेरच्या स्लीव्ह, पाण्याच्या पाइपचे स्टेनलेस स्टीलचे तुकडे, एक्झॉस्टच्या फ्लँज. रबर बुश ओतून द्यायचे असतील तर जुन्याचा कठीणपणा शोअर मापकावर, म्हणजे रबराचा कडकपणा मोजायच्या मापावर, मोजा. पण चाळीस वर्षांत रबर कडक झालेलं असतं, त्यामुळे मोजमापापेक्षा थोडं मऊ धरा. पॉलीयुरेथेन मागतात कारण ते रंगीत दिसतं. आपल्या रस्त्यांवर त्याचा प्रत्येक खड्डा दात वाजवतो, आणि ग्रीस सुकलं की दोन शेतं पलीकडे करकर ऐकू जाते.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला कागदावर लिहून द्या : रबर बुशचा बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचा आवळायचा नाही. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन त्यावर, मग आवळायचा. लटकत्या स्थितीत आवळलेलं रबर गाडी खाली बसली की कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्या महिन्यांत फाटतं. मग शिव्या तुम्हाला.

करून देऊ नका : चाकाचे स्टड, ब्रेकचे सील, स्टेअरिंगचा कुठलाही सांधा. गिऱ्हाईक कितीही गोड बोलो.

प्रश्न : माझी 2002 ची होंडा सिटी 1.5 व्हीटेक आहे. फ्री-फ्लो सायलेन्सर आणि उघडा फिल्टर बसवल्यावर वरच्या आरपीएमला पूर्वीसारखी झेप येत नाही.
— वाचक, नांदेड

उत्तर : आधी तेलाची काडी ओढून बघा. व्हीटेक, म्हणजे वरच्या आरपीएमला झडपा जास्त उघडणारी होंडाची सोय, तेलाच्या दाबावर चालतं. तेल कमी किंवा काळं डांबर झालं असेल तर कॅमशाफ्टची दुसरी पायरी लागतच नाही. तेल ठीक असेल तर हेडच्या बाजूच्या व्हीटेक सोलेनॉइडखाली एक बारीक जाळी असते, ती सोडून धुवा, गास्केट नवं टाका. बहुतेक तिथंच आजार निघेल.

उघडा फिल्टर काढा. बॉनेटखालची गरम हवा ओढून ताकद कशी वाढेल? वर आपली धूळ. 106 हॉर्सपॉवरची ही गाडी तिच्या काळी रस्त्यावर भल्याभल्यांना मागे टाकायची, ती मूळ डब्यातल्या कागदी फिल्टरवरच. सायलेन्सरबद्दल शेजारचे तुम्हाला बोलले नसतील तर बोलतील.

प्रश्न : 1990 ची जपानी कूपे (दोन दारांची गाडी) घेतोय, विकणारा म्हणतो व्हिंटेज नंबर काढा, खर्च वाचेल. खरं का?
— वाचक, धाराशिव

उत्तर : नाही. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार व्हिंटेजला पन्नास वर्षं पूर्ण हवीत, म्हणजे तुमचा नंबर 2040 मध्ये. तेव्हासुद्धा नवी नोंदणी 20 हजार, मुदत दहा वर्षं, पाटीवर 'व्हीए', आणि गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर. रोज तुळजापूरला जायची सोय नाही.

उलट विचारा, की आरसीची मुदत कधी संपते. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या आयात चारचाकीच्या नूतनीकरणाची फी 80 हजार झालीय, वर राज्याचा पर्यावरण कर. विकणाऱ्याला हे माहीत असणार, म्हणूनच तो व्हिंटेजचं सांगतोय. चेसिस नंबर आरसीशी स्वतः टॉर्च लावून जुळवा आणि 80 हजार किमतीतून कमी करा म्हणा.