काजूच्या बागेतलं रान साफ करायला जुना स्लॅशर घेताना काय बघावं?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या तुमच्या काजूच्या बागेत रानमोडी नि घाणेरी माजलीय आणि ३५ एचपी ट्रॅक्टरला जुना रोटरी स्लॅशर (ट्रॅक्टरमागे जोडायचं, फिरत्या पात्यांनी झुडपं कापणारं मशीन) घ्यायचाय, तर ५ फुटी कापणीचा बघा. ६ फुटी घेऊ नका, चढावर ट्रॅक्टरचा जीव जातो आणि झाडांच्या मधून वळतही नाही.

रंग बघून भुलू नका हां, पहिल्यांदा गिअरबॉक्स बघा. मशीन बंद असताना वरचा शाफ्ट हाताने हलवायचा, वरखाली खेळत असेल तर बेअरिंग गेलंय, आणि प्लग उघडून तेल बघा, दुधासारखं पांढरं दिसलं तर आत पाणी शिरलंय, आपल्या पावसात उघड्यावर ठेवलेल्या मशीनचं हे हमखास होतं. खालच्या सीलजवळ पातीत अडकून गुंडाळलेली तार किंवा वेल असेल तर ती काढायला लावा, गळती तिच्याच मागे लपलेली असते.

मग शिअर बोल्ट. जाड आडव्या खोडावर किंवा जांभ्या दगडावर पातं आपटलं की हा बोल्ट तुटून गिअरबॉक्स वाचवतो, पण बरेच जण सारखा तुटतो म्हणून हाय टेन्साइल, म्हणजे जास्त कडक, सहज न तुटणारा बोल्ट ठोकतात आणि सगळा मार थेट गिअरला बसतो. तसा बोल्ट दिसला तर मी ते मशीन घेणारच नाही, कितीही स्वस्त असूदे.

पाती दोन्ही सारख्या वजनाची हवीत, नाहीतर थरथरतं. पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागे मशीनला फिरवणारा भाग) ५४० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालवून दाखवायला सांगा, पण तुम्ही लांब बाजूला उभे राहा, मागे दगड गोळीसारखा येतो. ट्रॅक्टर आणि स्लॅशर जोडणाऱ्या पीटीओ शाफ्टचं कव्हर नसेल तर नवीन घाला, त्यात कंजुषी नको.