जागा कुठून काढली?

आटोपशीर वस्तूंविषयी आलेल्या पत्रांपैकी ठाणे-नवी मुंबईतल्या सहा वाचकांची पत्रं या वेळी घेतली आहेत. सहाही ठिकाणी आम्ही आधी एकच गोष्ट पाहिली: वस्तू लहान करताना जागा कुठून काढली? जिथून काढली असेल तिथेच ती वस्तू पुढे त्रास देते, आणि तो त्रास आपल्याला चालणार असेल तरच ती घ्यावी.

घोडबंदर रोड, ठाणे: सोसायटीत स्टॅक पार्किंगची (एकावर एक गाड्या ठेवायच्या चौकटीतली) खालची जागा मिळाली आहे. दोन खांबांत ७ फूट ७ इंच अंतर आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून वॅगनआर घ्यावी असं वाटतं. बसेल का?

रुंदीत बसेल, उंचीत बहुधा अडकेल. वॅगनआर ३६५५ मिलिमीटर लांब, १६२० रुंद आणि १६७५ उंच आहे. स्टॅकच्या खालच्या मजल्याची मोकळी उंची बरेचदा सेडान धरून ठेवलेली असते, म्हणजे १५५० मिलिमीटरच्या आसपास. चौकटीवरच्या पाटीत गाडीची कमाल उंची, रुंदी आणि वजन दिलेलं असतं. पाटी पुसट झाली असेल तर टेप घेऊन स्वतः मोजा. मात्र वरची गाडी ज्यावर उभी राहते त्या पॅलेटच्या पत्र्यापासून मोजू नका, त्याखाली जी पट्टी किंवा पाइप सगळ्यात खाली आलेला असेल तिथपासून मोजा. चार-पाच सेंटीमीटरची फसगत तिथेच होते. गाडीच्या छपरावरचा अँटेनाही उंचीत धरा.

ही गाडी उंच आहे ती दिखाव्यासाठी नाही. लांबी कमी करायची आणि मागे बसणाऱ्याचे गुडघेही मोकळे ठेवायचे, तर माणसाला पाय पसरून न बसवता खुर्चीवर बसल्यासारखं ताठ बसवावं लागतं. पाय खाली जातात, डोकं वर जातं आणि लांबीत वाचलेली जागा उंचीतून वसूल होते. सासूबाईंना सोय वाटते तीही यामुळेच: सीट उंच असल्याने खाली वाकून शिरावं लागत नाही आणि उठताना गुडघ्यावर भार कमी येतो. १५२० मिलिमीटर उंचीची अल्टो के१० किंवा स्विफ्ट खाली बसेल, पण तो फायदा जाईल. आमचा सल्ला असा, की ज्यांच्याकडे सेडान आहे आणि उंच गाळा मिळालेला आहे, अशा सभासदाशी जागेची अदलाबदल करा आणि ती कमिटीकडून लेखी घ्या.

आता रुंदीचा हिशेब. ७ फूट ७ इंच म्हणजे साधारण २३१० मिलिमीटर. डावीकडे खांबापासून १५० सोडले आणि आरसा मिटला, तर वॅगनआरच्या उजव्या दाराला ५४० उरतात. १७४५ रुंदीच्या बलेनोला ४१५ आणि १८०४ रुंदीच्या नेक्सॉनला ३५६. मध्यम बांध्याच्या माणसाला आडवं होऊन उतरायला ४५० ते ५०० लागतात. बाकीची मंडळी गेटपाशी उतरतील, चालकाला मात्र आत गेल्यावरच उतरायचं आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात आरसे सोडून रुंदी दिलेली असते, हेही ध्यानात ठेवा.

एक जुना दाखला इथे द्यायलाच हवा. १९५९ साली अभियंते ॲलेक इसिगोनिस यांनी ब्रिटनमध्ये मिनी ही गाडी आणली, तेव्हा अवघ्या १० फूट लांबीत चार माणसं बसवली. इंजिन आडवं घातलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली इंजिन ऑइलच्या टाकीत नेला, चाकं चार कोपऱ्यांत ढकलली आणि ती १० इंचांची केली. तळाची ८० टक्के जागा माणसं आणि सामानासाठी उरली. पण चाक जितकं लहान, तितकं ते खड्ड्यात खोल उतरतं. घोडबंदरच्या पावसाळ्यात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. मात्र त्यावर उपाय म्हणून छोट्या गाडीत मोठ्या अलॉय व्हीलच्या मोहात पडू नका; त्यात रिम मोठी होते आणि टायरची भिंत बुटकी. १५५/८० आर१३ (रुंदी १५५ मिलिमीटर, भिंत तिच्या ८० टक्के, रिम १३ इंच) टायरची बाजूची भिंत १२४ मिलिमीटर असते, तर १९५/५५ आर१६ ची १०७. उंच भिंत धक्का गिळते, बुटकी भिंत तो रिमला देते. मग रिम वाकते, हवा हळूहळू उतरते आणि पंक्चर काही सापडत नाही.

करापुरतं सांगायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिनाच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्यांवर ४०. त्यामुळे ३९९० आणि ३९९५ मिलिमीटरच्या गाड्यांची गर्दी झाली आहे. नियमात बसवायला मागून तासलेली गाडी आणि मुळात छोटी म्हणूनच आखलेली गाडी यांत फरक आहे. मागच्या सीटवर अर्धा तास बसून पाहा, तो कळतो.

ऐरोली: खाडीतले रोहित पक्षी टिपायला खिशात मावणारा कॅमेरा हवा. ३० पट झूमचा छोटा कॅमेरा चालेल का?

सकाळच्या स्वच्छ उन्हात चालेल, संध्याकाळी नाही. अशा कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, जेमतेम ६.२ × ४.६ मिलिमीटरचा असतो. तो इतका लहान, म्हणून १२९ मिलिमीटरची लेन्स ७२० मिलिमीटरसारखी जवळ आणते. त्या टोकाला एफ/६.४ (म्हणजे लेन्सचे मिलिमीटर भागिले ६.४) धरलं तर प्रकाश आत येण्याची वाट फक्त २० मिलिमीटर रुंद असते. ३६ × २४ मिलिमीटरच्या मोठ्या, ‘फुल फ्रेम’ सेन्सरवर हाच पल्ला याच एफ/६.४ ला गाठायचा तर ११ सेंटीमीटरहून मोठी काच लागेल. खिशातल्या कॅमेऱ्याला प्रकाश त्याच्या साधारण एकतिसाव्या हिश्श्याइतका मिळतो. इथे जागा प्रकाशातून काढली आहे.

तेव्हा आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ४०० च्या वर जाऊ देऊ नका. उभ्या पक्ष्यासाठी शटर १/५०० सेकंद, उडत्या थव्यासाठी १/१०००. डिजिटल झूम मेनूतून बंद करा. बोटीतून काढत असाल तर कोपर कठड्यावर टेकू नका, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात येते. कोपर छातीशी धरा. ऊन चढल्यावर चिखलावरची हवा थरथरू लागते, आणि मग कुठलाही कॅमेरा असो, चित्र विरघळल्यासारखंच येतं. निघण्याआधी भरतीची वेळ पाहून घ्या.

‘एक इंच’ सेन्सरचा कॅमेरा अधिक चांगला, पण नावाला भुलू नका. तो १३.२ × ८.८ मिलिमीटर असतो. एक इंच हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलेलं आहे. क्षेत्रफळ मात्र वरच्या सेन्सरच्या चौपट. खिशात मावणाऱ्या अशा कॅमेऱ्यांचा पल्ला फार तर २०० ते ३६० मिलिमीटरपर्यंत जातो. ६०० चा घ्यायला गेलात तर वजन एक किलोच्या वर जातं.

कॅमेरा कुठलाही घ्या, पँटच्या खिशात सुटा टाकू नका. आतबाहेर होणारी लेन्स भात्यासारखी हवा ओढते, आणि हवेबरोबर खिशातला कापूस अन् धूळ. कण नळीत अडकला की मोटर धडपडते आणि पडद्यावर लेन्स एरर येते. चेनचं स्वच्छ पाकीट वापरा.

नौपाडा, ठाणे: वडिलांचा रोलाय ३५ हा फिल्मचा छोटा कॅमेरा कपाटात सापडला. लेन्स आत जात नाही. जोर लावू का?

अजिबात नको. या कॅमेऱ्यात शटर चढवलेलं (पुढच्या फोटोसाठी ताणून तयार) नसेल तर लेन्स आत जात नाही, तशी रचनाच आहे. डाव्या हाताकडचा खटका पूर्ण फिरवून फिल्म पुढे घ्या, मग वरचं लेन्सचं बटण दाबून धरा, लेन्स कुलूप सुटेपर्यंत हलकेच फिरवा आणि सरळ आत ढकला. खटका फिरूनही लेन्स अडली तर आतलं वंगण गोठलेलं असतं. ते काम कारागिराचं.

हाइन्झ वास्के यांनी रचलेला हा कॅमेरा १९६६ साली आला. वर जागा उरली नाही म्हणून फ्लॅशची खाच आणि फिल्म गुंडाळायची मूठ तळाला गेली. त्यामुळे फ्लॅश लावला की उजेड खालून येतो आणि चेहऱ्यावरच्या सावल्या वर चढतात. अशा वेळी कॅमेरा उलटा धरा.

उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, ती आता मिळत नाही. १.५ व्होल्टची अल्कलाइन घातली तर काटा जास्त हलतो, उजेड आहे त्याहून अधिक दाखवतो आणि फोटो काळपट येतात. कानाच्या यंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टची असते. ती लहान पडते, म्हणून भोवती रबरी वायसर घाला. बॅटरीवरची चिकटपट्टी काढली की ती दोनेक महिने चालते.

मीटरला बंद करायचं बटणच नाही, म्हणून हा कॅमेरा चामडी केसमध्ये, अंधारात ठेवायचा रिवाज होता. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि काचेवर बुरशी येते. त्याऐवजी रबरी कडेचा, अपारदर्शक, ५ लिटरचा हवाबंद डबा घ्या. त्यात १०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास सुकवा, थंड होऊ द्या, मगच परत ठेवा. खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्यालाही हाच डबा द्या. त्याची लेन्स उघडून पुसता येत नाही, बुरशी लागली तर अख्खा भाग बदलावा लागतो.

कोपरखैरणे: ६५ वॅटचा नवा गॅन चार्जर जुन्या लॅपटॉप चार्जरच्या निम्मा आहे, पण तापतो. बिघडला आहे का?

बहुधा नाही. गॅन म्हणजे गॅलियम नायट्राइड; त्याचे भाग फार वेगाने चालू-बंद होतात, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर लहान करता येतो. उष्णताही कमी निर्माण होते, पण ती बाहेर टाकायला पृष्ठभागही कमी उरतो. हात टेकवत नसेल, वास येत असेल किंवा चार्जिंग मध्येच तुटत असेल तर वापर थांबवा. गादीवर किंवा पडद्यामागे लावू नका.

बेलापूर: घर लहान आहे. घडीचं फर्निचर करून घ्यावं का?

पलंग रोज उचलायचा असेल तर बिजागरी आणि गॅसचे दांडे चांगल्या प्रतीचे घ्या, प्लायवर पैसे वाचवले तरी चालेल. पण सुताराला बोलावण्याआधी तुमच्या जवळच्याच आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये एक फेरी मारा. १९८० च्या दशकात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी ती वसाहत आखली. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, आणि सात-सात घरं ८ × ८ मीटरच्या अंगणाभोवती. घराच्या आत जे मावत नाही ते अंगणात जातं. तुमच्याकडे जिन्यासमोरची जागा, गच्ची किंवा बाल्कनी असेल तर बसण्याउठण्याचं काय काय तिथे हलवता येईल, ते आधी मांडून पाहा. घडीच्या पलंगाचं माप त्यानंतर ठरवा.

वाशी: पर्समध्ये मावणारी पाच घड्यांची छत्री खाडीपुलावर दर पावसाळ्यात उलटी होते. कुठली घ्यावी?

दोन घड्यांची, आठ काड्यांची, फायबरच्या काड्या असलेली. घड्या वाढवायच्या म्हणजे काडीत सांधे वाढवायचे आणि दांड्याचे तुकडे वाढवायचे. वारा नेमका त्या सांध्यांवरच काडी उलटवतो. पाच घड्यांची छत्री स्टेशन ते रिक्षा एवढ्या कामाची. पुलावर चालायचं असेल तर पर्स मोठी घ्या.

उलटी झालीच तर काड्या हाताने ओढू नका. खटका दाबून छत्री मिटवा, काड्या आपोआप सुलट होतात. घरी आल्यावर अर्धी उघडी ठेवून सुकवा. ओली गुंडाळली की पोलादी रिबिटी गंजतात आणि पुढच्या वर्षी पहिल्या वाऱ्यात तुटतात. मोसम संपल्यावर प्रत्येक सांध्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या आणि वरचं तेल पुसून घ्या, नाहीतर कापडाला डाग पडतात. काडीच्या टोकाची शिवण सुटली असेल तर दुहेरी दोऱ्याने चार टाके घरीच घाला. काडी मोडली असेल तर छत्रीवाल्याकडे जून उजाडण्याआधीच जा.