कर्ज काढून पुण्यात दुसरा फ्लॅट घेतला, तर भाड्यातून हप्ता निघेल का?

राहते घर असताना पुण्यात ६० लाखांचा टू बीएचके गृहकर्जावर घेऊन भाड्याने दिला, तर हप्ता भाड्यातून सुटेल का, असे आपण विचारले आहे. माझे दोन फ्लॅट पुण्यात भाड्याने आहेत आणि त्यांचा सगळा व्यवहार मीच पाहतो. त्या अनुभवावरून सांगतो, हप्ता सुटणार नाही.

या रकमेच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ लाख, ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार आणि नोंदणीचे ३० हजार आपल्याला पदरचे घालावे लागतील. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी हप्ता सुमारे ४१,६५० रुपये बसतो. भाडे १७,००० धरले, तरी सोसायटीचा मेंटेनन्स, मिळकतकर, दोन भाडेकरूंच्या मध्ये घर रिकामे राहते तो महिना, एजंटची दलाली आणि रंगकाम-दुरुस्ती वजा जाता वर्षाकाठी हातात सव्वा लाखाच्या आसपास उरतात. स्वतः राहणाऱ्या मालकाला पुणे महापालिका मिळकतकरात जी ४० टक्के सवलत देते, ती भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही, हेही अनेकांच्या हिशेबात नसते. थोडक्यात, दरमहा ३१ हजारांची तूट आपल्या पगारातून भरावी लागेल.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की निव्वळ भाड्यातून निदान व्याज तरी भागेल, एवढेच कर्ज घ्यावे. सव्वा लाखात साधारण १५ लाखांच्या कर्जाचे वर्षाचे व्याज भागते, आणि ४८ लाखांवर पहिल्याच वर्षी चार लाखांहून अधिक व्याज जाते. उरलेली किंमत भरण्याइतकी शिल्लक आपल्याकडे नसेल, तर थांबावे किंवा लहान, जुना पण चांगल्या वस्तीतला फ्लॅट पाहावा. करबचतीचे गणितही तपासून घ्यावे, कारण घरभाड्याच्या उत्पन्नातील तोटा जुन्या करप्रणालीत वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो, नव्या प्रणालीत मात्र येत नाही.

एवढे जमत असेल, तर पुढचा प्रश्न व्यवस्थापनाचा आहे, आणि त्यात कराराला पर्याय नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे, आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकलेली आहे. मुदत संपूनही भाडेकरूने जागा सोडली नाही, तर याच कायद्याखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येते आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. नोटरी केलेल्या कागदावर विसंबणारा मालक नेमका तिथेच अडतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी आणि कराराची प्रत सोसायटीला द्यावी. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही; जास्त मागितले, तर १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाचा लेखी हवाला द्यावा.

किल्ली देताना वीजमीटरचे रीडिंग, गिझर, नळ आणि भिंती यांचे फोटो भाडेकरूसमोर काढून त्यालाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावेत, म्हणजे डिपॉझिट परत करताना वाद उरत नाही. ओल दिसल्याचे कळताच प्लंबर पाठवावा, कारण बाथरूममधून गळती झाली की खालच्या मजल्यावरचे लोक भाडेकरूला नव्हे, आपल्याला फोन करतात. वेळेवर भाडे देणारा आणि घर नीट ठेवणारा भाडेकरू असेल, तर वाढ थोडी कमी घेऊन त्यालाच ठेवावे; घर एक महिना रिकामे राहिले की वर्षभराच्या वाढीपेक्षा जास्त रक्कम बुडते.