कापसातली पिल्ले आणि पाच आठवड्यांची मुदत

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यात राहतो. भाव वाढेल या आशेने यंदाचा कापूस अजून विकलेला नाही. तो पुढच्या खोलीत भरून ठेवला आहे आणि त्याच ढिगात गावातली एक मांजर व्याली आहे. तीन पिल्ले आहेत. त्यांचे डोळे उघडले आहेत आणि ती लटपटत चालू लागली आहेत. सहावीतल्या माझ्या मुलीला त्यांतले एक पाळायचे आहे, पण सासूबाईंचा विरोध आहे. आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही. मांजराच्या केसाने दमा होतो असे त्या म्हणतात, आणि गेल्या आठवड्यापासून त्यांच्या अंगाला सुटणारी खाजही मांजरीमुळेच आहे, असे त्यांचे मत आहे. आठ दिवसांत व्यापारी कापूस उचलणार आहे. पिल्लू ठेवावे की नाही? — एक वाचक भगिनी

उत्तर : पिल्ले लटपटत चालत आहेत, म्हणजे ती साधारण तीन आठवड्यांची असावीत. आईपासून पिल्लू तोडायचे तर ते किमान आठ आठवड्यांचे झालेले असावे, कारण दुधाखेरीज दुसरे अन्न खाणे, चावा किती जोरात घ्यायचा याचा अंदाज आणि मातीत विधी उरकून तो झाकण्याची सवय हे सारे ते याच काळात आईजवळ आणि भावंडांबरोबर पक्के करते. म्हणून तुम्हाला आज ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे नसून पाच आठवडे थांबायचे आहे, आणि माझ्या मते या पाच आठवड्यांतच तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर घरात दिसू लागेल.

कापूस उचलण्याच्या आधी त्याच खोलीच्या कोपऱ्यात एक खोके आडवे ठेवून त्यात जुने लुगडे अंथरा. गाडी येईल त्या दिवशी मांजरीच्या देखत पिल्ले त्यात ठेवा आणि हमालांची ये-जा असेपर्यंत मुलीला तिथे बसवा. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात. तिने ती दुसरीकडे हलवली तर हलवू द्यावीत. तिच्या मागे लागून परत आणू नयेत.

आता सासूबाईंच्या खाजेविषयी. घरात भरून ठेवलेल्या कापसानेही अंगाला खाज सुटते, हे कापूस पिकवणाऱ्या घराला मी सांगायला नको. तरीही मांजरीला निर्दोष ठरवण्याआधी एक परीक्षा करून पाहा. बारीक दातांच्या फणीने तिच्या शेपटीच्या मुळाशी केस विंचरा आणि फणीत आलेली काळी कणी ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाका. कणीभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे. डाग पसरला नाही तर ती नुसती धूळ आहे. पिसवा निघाल्या तर औषध पशुवैद्यांकडूनच घ्यावे. कुत्र्यासाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असते आणि ते मांजराच्या जिवावर बेतते. शेतातली कीटकनाशक पावडर तर मुळीच वापरू नये.

दम्याबाबत सासूबाईंचे म्हणणे अगदीच निराधार नाही. दोष केसाचा नसतो. मांजराच्या लाळेतली आणि त्वचेतली प्रथिने केसांबरोबर घरभर पसरतात आणि ज्यांना त्यांचे वावडे असते त्यांना शिंका येतात किंवा दम्याचा जोर वाढतो. घरात कोणाला दमा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि या पाच आठवड्यांत त्या व्यक्तीला मांजरीच्या सहवासात काय होते तेही पाहा.

सर्वांत अवघड मुद्दा तुम्ही एका वाक्यात उरकला आहे : तुमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही. दूध-पोळीवर मांजर जगताना दिसते, कारण उरलेली भूक ते उंदीर-पाखरांवर भागवत असते. घरात कोंडलेल्या मांजराला ती सोय नसते. टॉरिन हा घटक त्याला मांस-मासळीतून मिळतो. तो फार दिवस कमी पडला तर त्याची दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात. शिवाय गाईचे दूध बहुतेक मांजरांना पचत नाही आणि त्यांना हगवण लागते. बाजारातल्या कोरड्या खाद्यात टॉरिन घातलेले असते, पण त्या खाद्यात सहसा कोंबडी किंवा मासळी असतेच. ही गोष्ट सासूबाईंपासून लपवून पिशवी घरात आणू नका. त्यांना नीट सांगा, वाडगा स्वयंपाकघराबाहेर ओट्यावर ठेवण्याची तयारी दाखवा आणि एवढ्याने त्या राजी नसतील तर पिल्लू ठेवू नका. घर ज्यांचे आहे त्यांच्या श्रद्धेला चुकवून पाळलेले जनावर शेवटी कोणाच्याच मायेचे राहत नाही, असे मला वाटते.

मुलीच्या हट्टाबद्दलही स्पष्ट लिहितो. मांजर पंधरा वर्षेही जगते. मुलगी पाच-सहा वर्षांत शिकायला जळगाव-पुण्याला जाईल आणि मांजर तुमच्याकडे उरेल. तेव्हा प्रश्न तुम्हाला ते हवे आहे का, हा आहे. मे महिन्यात तुम्ही माहेरी जात असाल, तर पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याखाली त्याला पाणी कोण ठेवणार, हेही आताच ठरवा. तोंड उघडे टाकून धापा टाकणारे मांजर उन्हाने संकटात आले आहे असे समजावे.

ठेवायचे ठरले, तर आठव्या आठवड्यापासून लसी सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस द्यावेत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गुरे येतात, म्हणून मांजराची लस मिळते का हे आधी विचारून ठेवा. मुलीला चावा किंवा ओरखडा लागला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते, आणि विषाने मेलेला उंदीर खाल्ल्यास त्यालाही विषबाधा होऊ शकते, म्हणून धान्याच्या खोलीत उंदरांचे औषध टाकणे बंद करावे लागेल.

पिल्लू ठेवा अथवा न ठेवा, त्याच्या आईचा विचार मात्र करावाच लागेल. पिल्ले अंगावर पीत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते आणि जेमतेम नऊ आठवड्यांत परत विते. पिल्ले खायला लागली की पशुवैद्यांना विचारून तिची नसबंदी करून घ्या, म्हणजे पुढच्या कापसात पुन्हा हाच प्रश्न उभा राहणार नाही.