जुन्या ग्रबला नवे ईएक्सटी४ पार्टिशन वाचता येत नसेल तर काय करावे?

देवगडहून आपण लिहिले आहे की, स्वतः जोडलेल्या संगणकात नवी एनव्हीएमई डिस्क बसवली, अलीकडच्या लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून तिचे पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीने फॉरमॅट केले आणि जुन्या डिस्कवरची प्रणाली जशीच्या तशी तिच्यावर उतरवली. मात्र त्या प्रणालीतला ग्रब २.०६ (संगणक सुरू होताना लिनक्स चालू करून देणारा प्रोग्राम) बसवताना ‘अननोन फाइलसिस्टिम’ असा संदेश येऊन काम अडते. इंटरनेटवरून ग्रबच्या ईएक्सटी२ मॉड्यूलची (पार्टिशन वाचणाऱ्या त्याच्या सुट्या भागाची) नवी फाइल आणून जुनीच्या जागी ठेवली तर चालेल का, असा आपला प्रश्न आहे.

तसे करू नये. ग्रबचे मॉड्यूल त्याच आवृत्तीच्या गाभ्याबरोबर चालण्यासाठी बांधलेले असते. दोन आवृत्त्यांची सरमिसळ झाली की ‘सिम्बॉल नॉट फाउंड’ असे सांगून ग्रब रेस्क्यूच्या काळ्या पडद्यावर जाऊन बसतो. शिवाय सिक्युअर बूट (फक्त सही केलेलाच प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर सही केलेल्या ग्रबच्या आतच हे मॉड्यूल असते, म्हणून बाहेर ठेवलेल्या फाइलचा उपयोगही होत नाही.

मुळात हे ईएक्सटी२ नावाचे मॉड्यूलच ईएक्सटी३ आणि ईएक्सटी४ ही वाचते. पार्टिशनच्या सुपरब्लॉकमध्ये (त्याची मूळ माहिती नोंदवलेल्या भागात) स्वतःला अनोळखी असलेली, वाचनाला बाधक ठरू शकणारी खूण दिसली, की चुकीचे वाचण्यापेक्षा ते माघार घेते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ई-टू-एफएस-प्रोग्ज या पार्टिशन फॉरमॅट करणाऱ्या साधनसंचाच्या १.४७.० या आवृत्तीपासून नवे पार्टिशन करताना ‘मेटाडेटा सीसम सीड’ ही खूण आपोआप लागू लागली. ग्रब २.०६ जून २०२१ चा, त्याला ती ठाऊक नव्हती. गंमत अशी की, ती ओळखणारा पॅच (दुरुस्तीचा छोटा कोड) ग्रब २.०६ च्याच महिन्यात, २.०६ बाहेर पडल्यावर काही दिवसांनी लिहिला गेला आणि डिसेंबर २०२३ मधल्या २.१२ पर्यंत अधिकृत आवृत्तीत येऊ शकला नाही. पॅच जेमतेम काही ओळींचा आहे: ही खूण दिसली तरी दुर्लक्ष कर, एवढेच तो सांगतो, कारण ती खूण ज्या चेकसमशी (डेटा बरोबर असल्याची पडताळणी करणाऱ्या आकड्याशी) संबंधित आहे, ते ग्रब मुळी तपासतच नाही. लिनक्सच्या काही वितरणांनी तो आपल्या ग्रब २.०६ मध्ये घालून दिला आहे. त्यामुळे आपल्या वितरणाच्या ग्रब पॅकेजचे अपडेट आले आहे का, हे आधी पाहावे.

अपडेट नसेल, तर मी मॉड्यूलला हात लावण्याऐवजी पार्टिशनवरची खूणच काढतो. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा, पार्टिशन माउंट केलेले नसावे, एफएससीके ही तपासणीची आज्ञा चालवून ते निर्दोष असल्याची खात्री करावी आणि मग ट्यून-टू-एफएस या पार्टिशनच्या खुणा बदलणाऱ्या आज्ञेने ती खूण बंद करावी. डेटाला त्याने धक्का लागत नाही, तरीही प्रत काढून ठेवलेली बरी. त्यानंतर जुना ग्रबही निमूटपणे बसतो.

ग्रब बसवताना ईएफआय पार्टिशनवर (संगणक सुरू करणाऱ्या फाइली असलेल्या छोट्या भागावर) लिहिले जाते. ते फॅट स्वरूपाचे असते आणि फॅटला जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंद, नसते, म्हणून लिहिता लिहिता वीज गेली तर ते बिघडू शकते. आषाढात आमच्या रत्नागिरीत दुपारी आभाळ भरून आले की मी हे काम यूपीएसशिवाय करत नाही, आणि ईएफआय फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवल्याशिवाय तर कधीच नाही.

आणखी एक अनुभव सांगतो. मालवणच्या एका घरगुती निवासाचा असाच जोडलेला संगणक माझ्याकडे आला होता. मी नव्या आवृत्तीचा ग्रब तीनदा बसवला, तीनही वेळा कोणतीही चूक दाखवली गेली नाही, आणि प्रत्येक वेळी मेनूच्या माथ्यावर २.०६ हाच आकडा येत राहिला. पाहुण्यांच्या फोटोंसाठी ठेवलेल्या जुन्या साटा डिस्कवर तिचे स्वतःचे ईएफआय पार्टिशन होते. मी लिहीत होतो एका डिस्कवर, बायोस उचलत होता दुसरीवरून. आपल्याकडेही जुनी डिस्क अजून संगणकातच असावी. ग्रब बसवून झाल्यावर संगणक बंद करून तिची केबल काढावी, पुन्हा सुरू करावा आणि मेनूची पहिली ओळ वाचावी. मेनू नीट आला, तर केबल परत लावून बायोसमध्ये एनव्हीएमई डिस्क बूटच्या क्रमात सर्वांत वर ठेवावी.