पानावर दोन एच१ असले तर गूगलमध्ये वेबसाइट मागे पडते का?

ऑडिट रिपोर्टमध्ये ‘मल्टिपल एच१’ असं लाल अक्षरांत आलंय, एजन्सी ते दुरुस्त करायचे वेगळे पैसे मागतेय, तर द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. तेवढ्यासाठी देऊ नका. (एच१ म्हणजे ‘हे पानाचं मुख्य हेडिंग’ असं सांगणारी कोडमधली खूण, म्हणजेच टॅग. एच२, एच३, एच४ ही त्याखालची पायरीपायरीने लहान हेडिंगं.) पानावर कितीही एच१ असले तरी चालतात, एकही नसला तरी अडत नाही, हे गूगलच्या सर्च टीममधल्या जॉन म्यूलर यांनी २०१९मध्येच सांगून टाकलंय. ऑडिटचं टूल फक्त टॅग मोजतं. हेडिंगमध्ये लिहिलंय काय, ते त्याला कळत नाही, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो.

मी छोट्या धंद्यांच्या वेबसाइट करतो. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका काकूंची साइट माझ्याकडे आली होती. एच१ काय, तर ‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे’. प्रत्येक पानावर तेच. खाली एच२मध्ये ‘विश्वासाचे दुसरे नाव’, मग ‘आमची खासियत’. ‘भाजणीची चकली’ हे शब्द डोळ्यांना ठसठशीत दिसत होते, पण ते चित्र होतं. आधीच्या माणसाने छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून त्याची इमेज चिकटवलेली, ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारा मजकूर, रिकामं. (इमेज न करता तसंच पेस्ट केलं असतं तरी उपयोग नव्हता. तसले फॉन्ट युनिकोड या आताच्या सर्वमान्य पद्धतीच्या आधीचे, त्यांच्या आत सगळी रोमन अक्षरांची खिचडी असते.) आणि फूटरमधला, म्हणजे पानाच्या तळाचा, मोबाइल नंबर मात्र एच१मध्ये! का, तर अक्षर मोठं येतं म्हणून. अहो, अक्षर मोठं करायला सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) आहे.

चकलीच्या पानाचा एच१ आम्ही ‘भाजणीची चकली, पुण्यात घरपोच’ असा केला. एच२ मी सुचवलेच नाहीत. काकूंना विचारलं, फोनवर लोक काय विचारतात? ‘पाव किलोत किती बसतात?’, ‘किती दिवस कुरकुरीत राहते?’, ‘परदेशी पाठवता का?’ हेच तीन एच२ आणि प्रत्येकाखाली दोन-तीन ओळींचं उत्तर. त्याने साइट रातोरात पहिल्या नंबरावर गेली, असं मी सांगणार नाही. हेडिंग बदलून तसं होत नाही. पण तेच तेच विचारणारे फोन कमी झाले, असं काकू म्हणाल्या.

‘सहर्ष स्वागत’चा आणखी एक तोटा. गूगलच्या निकालात जी निळी ओळ दिसते ती टायटल टॅगमधूनच (कोडमध्ये पानाला दिलेल्या नावातूनच) येईल असं नाही. टायटल तोकडं किंवा सगळ्या पानांवर सारखंच असेल, तर गूगल पानावरचं मोठं हेडिंग उचलू शकतं. २०२१मध्ये त्यांनी हे जाहीरच केलं. म्हणजे चकली शोधणाऱ्याला निकालात काय दिसणार? सहर्ष स्वागत. एजन्सीवाले कदाचित प्रत्येक हेडिंगमध्ये कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात ते शब्द, घाला म्हणतील. ‘पुण्यात चकली’, ‘पुण्यात उत्तम चकली’, ‘पुण्यात चकली ऑर्डर’ असं वाचताना गिऱ्हाईकच वैतागतं.

राहिला रिपोर्टमधला दुसरा लाल मुद्दा, एच२नंतर थेट एच४. गूगलला या क्रमाने फरक पडत नाही, साइटवाल्यांसाठीच्या त्यांच्या स्टार्टर गाइडमध्येच तसं लिहिलंय. पण हे तेवढं दुरुस्त करा. माझे एक दृष्टिहीन स्नेही एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम वापरतात. पान उघडलं की ते आधी एच हे बटण दाबत दाबत एका हेडिंगवरून दुसऱ्यावर उड्या मारतात, आणि २ दाबलं की फक्त एच२. मधली पायरी गायब असली की आपल्याकडून काहीतरी सुटलं असं वाटून ते मागे जाऊन शोधत बसतात. वर्डप्रेस असेल तर हेडिंगच्या ब्लॉकवर क्लिक करून लेव्हल बदलायची, की झालं. दहा मिनिटांचं काम आहे, त्यालाही एजन्सी लागत नाही.